डगमगणारी ताटली आणि कच्चे लिंबू

लहान मुलांच्या खेळात एक फार शहाणी सोय असते. लपंडाव किंवा पकडापकडी रंगात आलेली असते आणि एखादे धाकटे भावंड 'मलाही घ्या' म्हणून हटून बसते. मोठी मुले त्याला घेतात, पण 'कच्चे लिंबू' म्हणून. कच्चे लिंबू सगळ्यांबरोबर पळते, लपते, ओरडते. खेळाचे सगळे नियम त्यालाही लागू असतात, एक सोडून. ते पकडले गेले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. या सवलतीच्या आधाराने ते हळूहळू खेळ शिकते आणि एके दिवशी पक्का गडी होते.

मोठेपणी ही सोय कोणी ठेवत नाही. परीक्षा, मुलाखत, नोकरी, बढती, संशोधनाचा अहवाल, प्रत्येक डाव मोजला जातो. त्यामुळे ज्या कामात हरण्याची शक्यता आहे ते काम हातीच न घेण्याकडे शहाण्या माणसांचा कल होतो. विज्ञानात याचा तोटा फार मोठा असतो, कारण उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नाला संशोधन म्हणत नाहीत. अशा भीतीत अडकलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला पुन्हा कच्चे लिंबू होता आले, त्याची ही हकिकत आहे. तिचा एक भाग सर्वांना ठाऊक असतो. दुसरा भाग, जो शिक्षकांच्या अधिक उपयोगाचा आहे, तो सांगताना बहुधा गळून जातो.

सत्ताविसाव्या वर्षी 'संपलेला' माणूस

रिचर्ड फाइनमन यांचा जन्म ११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. १९४२ साली प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर ते लॉस अलामॉस येथील अणुबाँबच्या प्रकल्पात दाखल झाले. तेथील सैद्धांतिक विभागाचे प्रमुख हान्स बेथे यांनी या तरुणाची बुद्धी लगेच ओळखली आणि आकडेमोड करणाऱ्या गटाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. महायुद्ध संपल्यावर बेथे आपल्या कॉर्नेल विद्यापीठात परतले. १९४५ च्या शरद ऋतूत फाइनमनही तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस होते.

बाहेरून पाहता सगळे उत्तम चालले होते. आत मात्र हा माणूस पोकळ झाला होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांची पत्नी अर्लीन क्षयरोगाने वारली होती. पुढच्याच महिन्यात, १६ जुलैला, त्यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट डोळ्यांनी पाहिला, आणि ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाली. आता नवे पूल, नव्या इमारती बांधण्यात काय अर्थ आहे, सगळे नष्टच होणार, असे विचार त्यांच्या मनात येत. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये वडीलही गेले. लहानपणी त्यांना निसर्गाकडे पाहायला शिकवले होते ते याच वडिलांनी.

शिकवण्याचे काम फाइनमन नीट करत होते. संशोधनाला बसावे तर मात्र काही सुचत नसे. ग्रंथालयात जाऊन अरेबियन नाइट्स वाचण्यात त्यांचा वेळ जाई. आपल्यातले जे काही होते ते युद्धात जळून गेले, आपण संपलो, अशी त्यांची खात्री होत चालली. अशा वेळी इतर विद्यापीठांकडून आणि उद्योगांकडून जास्त पगाराच्या नोकऱ्यांची पत्रे येत. प्रत्येक पत्राने आनंद होण्याऐवजी मन अधिकच खचे, कारण प्रत्येक पत्र म्हणजे एक नवी अपेक्षा. शेवटी जेथे आइन्स्टाइन होते त्या प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेकडूनही बोलावणे आले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. फाइनमन यांना कोणी नापास केले नव्हते, कोणी बोल लावला नव्हता. त्यांना भीती घातली होती ती कौतुकाने. वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाचे असेच होताना शिक्षकांनी पुष्कळदा पाहिले असेल. मागच्या बाकावरचा मुलगा चुकीचे उत्तर बिनधास्त देतो. पहिल्या क्रमांकाचा मुलगा शंभर टक्के खात्री असल्याशिवाय हात वर करत नाही, कारण चुकल्यास त्याचे जास्त जाणार असते.

जोखीम कोणाची?

फाइनमन यांनी हा सारा अनुभव पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितला. त्यातला क्रम महत्त्वाचा आहे.

प्रगत अध्ययन संस्थेचे बोलावणे इतके अवाजवी होते की त्यांना हसूच आले. इतका मोठा आपण कधी असूच शकत नाही, तेव्हा या लोकांची चूक झालेली दिसते. आणि यांची चूक होऊ शकते, तर इतरांचीही झाली असेल. दुसऱ्यांनी आपल्याबद्दल काय समजावे हे आपल्या हातात नाही, आणि त्यांची समजूत खरी करून दाखवण्याचे कर्जही आपल्या डोक्यावर नाही. हा झाला पहिला टप्पा.

त्यानंतर लगेच त्यांना रॉबर्ट विल्सन यांनी बोलावून घेतले. विल्सन म्हणजे कॉर्नेलच्या अणुकेंद्रीय संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख. फर्मिलॅब ही प्रचंड प्रयोगशाळा पुढे त्यांनीच उभारली. त्यांनी गंभीरपणे सांगितले, त्याचा आशय असा: तुम्ही वर्ग चांगले घेता, त्याबद्दल आम्ही समाधानी आहोत. त्यापलीकडे आमच्या काही अपेक्षा असतील तर तो नशिबाचा भाग. एखाद्याला प्राध्यापक म्हणून नेमताना जोखीम विद्यापीठ घेत असते. काही निपजले तर उत्तम, न निपजले तर आमचे दुर्दैव. तुम्ही त्याची काळजी करू नये.

ताटलीची गोष्ट सांगताना विल्सन यांचा हा भाग सहसा गाळला जातो. ऐकणाऱ्याला वाटते की फाइनमन यांनी एके सकाळी 'आता मी खेळणार' असे ठरवले आणि भीती पळाली. प्रत्यक्षात त्या आधी वरिष्ठ अधिकाऱ्याने बोलावून, स्पष्ट शब्दांत, हरण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. मुलांच्या भाषेत सांगायचे तर विल्सन यांनी फाइनमन यांना कच्चे लिंबू करून घेतले. ही सवलत गडी स्वतःला देऊ शकत नाही. ती खेळ चालवणाऱ्याने द्यावी लागते.

उपाहारगृहातील ताटली

ओझे उतरल्यावर फाइनमन यांना आठवले की पदार्थविज्ञान आपल्याला पूर्वी आवडायचे, कारण आपण त्याच्याशी खेळायचो. शाळेत असताना नळातून पडणारी पाण्याची धार खाली खाली निमुळती होताना पाहून, ही वक्ररेषा कशी ठरत असेल, हे त्यांनी शोधून काढले होते. ते शोधण्याची काही गरज नव्हती. विज्ञानाच्या प्रगतीत त्याने भर पडणार नव्हती, दुसऱ्या कोणी ते आधीच केलेले असणार होते. तरी मजा आली होती. यापुढे महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय हा विचार न करता असेच खेळायचे, असे त्यांनी ठरवले.

आठवड्याभरातच ते विद्यापीठाच्या उपाहारगृहात बसलेले असताना कोणीतरी गमतीने एक ताटली हवेत भिरकावली. ताटली फिरत फिरत वर गेली आणि फिरता फिरता डगमगतही होती. तिच्यावर कॉर्नेलचे बोधचिन्ह होते, त्यामुळे ती किती वेगाने फिरते हे दिसत होते. फिरण्याचा वेग आणि डगमगण्याचा वेग वेगवेगळे होते. या दोन वेगांचा संबंध काय, हे शोधायला फाइनमन बसले. गणित किचकट निघाले, पण उत्तर सुटसुटीत आले: झोल लहान असेल तर दोन वेगांचे गुणोत्तर दोनास एक.

ते उत्तर घेऊन ते बेथे यांच्याकडे गेले. बेथे यांनी विचारले की हे मनोरंजक आहे, पण याचे महत्त्व काय? फाइनमन म्हणाले, महत्त्व काहीच नाही, मी गंमत म्हणून करतो आहे. बेथे यांनी विचारलेला प्रश्न कोणताही चांगला शास्त्रज्ञ विचारील असाच होता. फरक इतकाच की त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे देताना फाइनमन यांना आता लाज वाटत नव्हती.

करून पाहा

या ताटलीचे गणित अकरावी-बारावीच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. लंब अक्ष प्रमेय त्यांना माहीत असते. सपाट वर्तुळाकार चकतीचे, तिच्या पृष्ठाला लंब असलेल्या मध्य अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण हे तिच्याच पातळीतील दोन परस्परलंब व्यासांभोवतीच्या आघूर्णांच्या बेरजेइतके असते. चकती सर्व बाजूंनी सारखी असल्याने ते दोन्ही आघूर्ण समान असतात. म्हणजे लंब अक्षाभोवतीचे आघूर्ण व्यासाभोवतीच्या आघूर्णाच्या दुप्पट. हवेत सुटलेल्या चकतीवर बाहेरून पीळ देणारे काही नसल्याने तिचा कोनीय संवेग अक्षय्य राहतो, आणि झोल लहान असताना डगमगण्याचा वेग भागिले फिरण्याचा वेग हे गुणोत्तर नेमके या दोन आघूर्णांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे दोन येते. चकती जास्त कलली तर गुणोत्तर दोनाहून वाढते.

आता यातली गंमत. फाइनमन यांनी आपल्या पुस्तकात उलटे लिहिले आहे. बोधचिन्ह डगमगण्याच्या दुप्पट वेगाने फिरत होते, असे त्यांना आठवत होते. वास्तविक एका फेरीत चकती दोनदा डगमगते. १९८९ साली, म्हणजे फाइनमन यांच्या निधनानंतर वर्षभराने, 'फिजिक्स टुडे' या मासिकात बेंजामिन चाओ यांनी ही चूक दाखवून दिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाची आठवण सांगताना दोन आणि एक यांची अदलाबदल झाली होती.

ही चूक वर्गासाठी अगदी सोयीची आहे. एक जाड पुठ्ठ्याची वर्तुळाकार चकती किंवा डब्याचे सपाट प्लॅस्टिकचे झाकण घ्यावे. कडेजवळ रंगाचा एक ठळक ठिपका काढावा. मोकळ्या जागेत ती आडवी धरून, फिरकी देऊन, किंचित तिरकी वर फेकावी. हल्लीच्या मोबाइल फोनमध्ये मंदगतीने चित्रण करण्याची सोय असते; तिचा उपयोग करून ठिपक्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत चकती किती वेळा डगमगली ते मोजावे. आधी पुस्तकातले विधान सांगावे, मग मुलांना मोजू द्यावे. नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ आणि डब्याचे झाकण यांच्यात मतभेद झाला तर झाकणाचे ऐकायचे, हे मुलांना एकदा स्वतः अनुभवता आले पाहिजे.

खेळातले पुढचे पराभव

पुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपवतात: ताटलीतून नोबेल मिळाले. फाइनमन स्वतःही तसे म्हणत. ताटलीवरून त्यांना सापेक्षतेत इलेक्ट्रॉनची कक्षा कशी डगमगेल याची आठवण झाली, त्यावरून डिरॅक यांचे समीकरण, आणि तेथून डॉक्टरेटच्या काळात अर्धवट सोडलेले आवडते प्रश्न. पण ताटली आणि पारितोषिक यांच्या मध्ये बरेच काही घडले, आणि त्यात अपयश भरपूर होते.

जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावर निवडक भौतिकशास्त्रज्ञांची बैठक झाली. विलिस लॅम यांनी तेथे एक प्रयोग सांगितला. हायड्रोजनच्या ज्या दोन ऊर्जापातळ्या डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार तंतोतंत समान असायला हव्या होत्या, त्यांच्यात सुमारे १००० मेगाहर्ट्झ वारंवारतेइतका फरक आढळला होता. हा फरक काढू पाहावा तर तेव्हाच्या सिद्धांतातून उत्तर अनंत येत असे. बेथे यांनी परतीच्या प्रवासात, आगगाडीतच, सापेक्षता बाजूला ठेवून एक ढोबळ गणित केले आणि उत्तर प्रयोगाच्या जवळपास आले. कॉर्नेलला आल्यावर त्यांनी त्यावर व्याख्यान दिले. हे गणित सापेक्षतेशी सुसंगत करण्याची युक्ती आपल्याकडे आहे, उद्या आणून देतो, असे फाइनमन यांनी त्यांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी दोघे फळ्यापाशी उभे राहिले. गणित केले आणि उत्तर पूर्वीपेक्षाही वाईट रीतीने अनंताकडे गेले. दीड वर्षापूर्वीचा फाइनमन असता तर 'पाहा, मी संपलोच आहे' म्हणून खोलीचे दार लावून बसला असता. १९६५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितले आहे की ते खोलीवर गेले, चूक कोठे झाली असेल याच्याभोवती घिरट्या घालत राहिले, आणि त्यांना त्या प्रश्नात अधिकाधिक गोडी वाटू लागली. आपल्याला मुळात हे गणित करताच येत नाही, तेव्हा ते शिकले पाहिजे, असे त्यांच्या लक्षात आले. ते शिकले, आणि उत्तर मर्यादित आले. आधी फळ्यावर काय चुकले होते ते त्यांना आणि बेथे यांना पुढे कधीच सापडले नाही.

१९४८ च्या वसंतात पोकोनो येथे झालेल्या बैठकीत त्यांनी आपली नवी पद्धत मांडली. आज 'फाइनमन आकृत्या' म्हणून जी ओळखली जाते ती हीच. श्रोत्यांत नील्स बोर आणि डिरॅक होते. व्याख्यान पडले. कोणाला काही समजेना, आणि या माणसाला अनिश्चिततेचे तत्त्वच कळलेले नाही असे बोर यांना वाटले. फाइनमन परत आले आणि सगळे व्यवस्थित लिहून काढू लागले. त्यांची पद्धत, जूलियन श्विंगर यांची पद्धत आणि युद्धकाळात जपानमध्ये एकाकीपणे काम केलेल्या शिनइचिरो तोमोनागा यांची पद्धत या तिन्ही एकच आहेत, हे १९४९ साली फ्रीमन डायसन यांनी दाखवले. क्वांटम विद्युतगतिकीतील या कामाबद्दल १९६५ चे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले.

ताटलीने फाइनमन यांना उत्तर दिले नाही. तिने त्यांना पुन्हा चुकता येऊ लागले. फळ्यावरची चूक आणि पोकोनोचे पडलेले व्याख्यान त्यांना पचवता आले ते यामुळे. शिवाय खेळ म्हणजे ढिलाई, असाही अर्थ घेऊ नये. ताटलीचे गणित त्यांनी पूर्ण आणि काटेकोरपणे केले होते. नियम न पाळता खेळणारा गडी कच्चे लिंबूसुद्धा ठरत नाही. तो रडीचा डाव खेळत असतो.

शुक्रवारची संध्याकाळ

यावर कोणी म्हणेल, फाइनमन अलौकिक बुद्धीचे होते, त्यांना खेळ परवडला. म्हणून एक अलीकडचे उदाहरण पाहू, जेथे खेळाची सोय ठरवून केली गेली. आंद्रे गाइम हे नेदरलँड्समधील नायमेगन येथे असताना, आणि २००१ पासून इंग्लंडमधील मँचेस्टर येथे, नेहमीचे संशोधन सांभाळून काही उपद्व्यापी प्रयोग करत. त्यांना 'शुक्रवार संध्याकाळचे प्रयोग' असे नाव पडले. नायमेगन येथील एका शक्तिशाली चुंबकात त्यांनी सरळ पाणी ओतले तर पाण्याचे गोळे अधांतरी तरंगू लागले. पाण्यावर चुंबकाचे होणारे अतिक्षीण प्रतिकर्षण इतके प्रभावी ठरेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. १९९७ साली त्यांनी एक जिवंत बेडूक तसाच तरंगवून दाखवला आणि २००० साली त्याबद्दल थट्टेचे 'इग नोबेल' स्वीकारले. मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलण्याचा उद्योग झाला, त्यातून अणूच्या एकाच थराइतके पातळ ग्राफीन हाती आले. त्यावरचा शोधनिबंध २००४ चा. २०१० साली गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांना खरे नोबेल मिळाले.

गाइम यांनी आपला हिशेबही मोकळेपणाने मांडला आहे. सुमारे १५ वर्षांत असे दोन डझनांच्या आसपास प्रयोग झाले. बहुतेक सपशेल फसले. यश आले तिनांना: तरंगणारे पाणी, पालीच्या पायासारखी चिकटणारी पट्टी आणि ग्राफीन. फसलेले प्रयोग त्यांना महाग पडले नाहीत, कारण ते लहान होते, थोड्या वेळाचे होते, आणि त्यांच्यावर कोणाची पदवी किंवा नोकरी टांगलेली नव्हती.

आपल्या प्रयोगशाळेत

आता आपल्याकडे वळू. साध्या दोलकावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचा प्रयोग घ्या. वर्गातल्या सगळ्यांचे उत्तर ९.८ च्या अगदी जवळ येते. हाताने घड्याळ दाबून वेळ मोजणाऱ्या चाळीस मुलांचे उत्तर इतके अचूक येणे हाच खरे तर चमत्कार आहे. आपल्याला कारण माहीत असते: रीडिंग जुळवलेली असतात. मुले लबाड आहेत म्हणून हे होत नाही. चुकीच्या उत्तराची किंमत गुणांत मोजावी लागते, गुणांवर प्रवेश अवलंबून असतो आणि प्रवेशावर घरच्यांची आशा. अशा मुलाला 'अपयशाला घाबरू नकोस' असे सांगणे व्यर्थ आहे. त्याची भीती खोटी नाही. ती कमी करायची तर अपयशाची किंमत कमी करावी लागेल, आणि ते काम त्याचे नसून आपले आहे.

सगळी पद्धत आपण बदलू शकत नाही. महिन्यातला एक तास मात्र आपल्या हातात असतो. त्या तासाला गुण नाहीत, हे वर्गासमोर स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि नंतर कोणत्याही कारणाने त्याला गुण देऊ नयेत. प्रश्न लहान असावा आणि साहित्य स्वस्त. नळाची धार किती अंतरावर अर्ध्या जाडीची होते? ताटली किती वेळा डगमगते? मिळालेली रीडिंग खाडाखोड न करता वहीत राहू द्यावीत, आणि फसलेल्या प्रयोगाखाली 'का फसला असावा' एवढी एक ओळ लिहून घ्यावी. काही मुलांना या तासातून काहीच मिळणार नाही. गाइम यांच्या हिशेबाने पाहिले तर तेही गृहीतच धरलेले बरे.

हीच सवलत शिक्षकालाही हवी असते. नवा प्रयोग वर्गात फसेल, मुले हसतील, नेमके त्याच दिवशी पर्यवेक्षक येतील, म्हणून कितीतरी चांगले शिक्षक वर्षानुवर्षे तेच चार खात्रीचे प्रयोग दाखवत राहतात. येथे विल्सन यांची जागा मुख्याध्यापकांची आहे. 'तास चांगला घेता, एवढे पुरे. नवे काही करताना फसले तर ते माझ्याकडे' हे वाक्य उच्चारायला अर्धे मिनिट लागते. त्यासाठी शासकीय परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.